ओडिलोनचं नाक

ओडिलोन स्टेर्क्सच्या तळघरात बिअरची एकशेबारा लाकडी पिंपं होती आणि खडू एकच.

खडू त्याच्या बिनबाह्यांच्या जाकिटाच्या खिशात असायचा. पिंपाच्या तोंडावर फुली मारली, म्हणजे ही बिअर यंदाच्या मिश्रणात जाणार. गोल काढला, म्हणजे हिला अजून झोपू द्या. खूण करायची ती खडूवाल्यानं आणि पुसायचीही त्यानंच. बाकी कुणी, मग ती पोटची मुलगी का असेना, तिथं बोट लावायचं नाही. आमच्या हेर्सबेकमध्ये मेयर कोण असं विचारलंत, तर चारातले दोघं मागच्या मेयरचं नाव सांगतील. खडू कुणाकडे आहे हे मात्र शेंबडं पोरही सांगेल.

माझं कॅफे त्या तळघराच्या बरोबर समोर. मी लेओनी. पस्तीस वर्षं गल्ल्यामागे उभी आहे. इथून माणसं जशी दिसतात तशी ती पाद्रीबुवांनाही दिसत नाहीत, कारण त्यांच्याकडे जाताना ती तयारी करून जातात.

ओडिलोन स्वतः बिअर उकळायचा नाही. दरीतल्या दोन-तीन भट्ट्यांकडून ताजी, कच्ची बिअर आणायची, ओकच्या जुन्या पिंपांत भरायची आणि वाट बघायची, एवढाच त्याचा धंदा. वर्षाची बिअर जिभेला टोचते, दोन वर्षांची कुरकुर करते, तीन वर्षांची शहाणी होते. काही मात्र शहाणी व्हायच्या ऐवजी व्हिनेगर होतात. कुठल्या पिंपातली किती घ्यायची आणि कशात मिसळायची हे एकदा ठरलं की बाटलीत आमची ग्यूझ तयार होते. ती आंबट असते, आणि आंबट कुठं संपतं, नासकं कुठं सुरू होतं, ते ओळखायला नाक लागतं. जीभही लागते, पण ओडिलोनची जीभ बिअरपेक्षा माणसं सोलण्यातच जास्त झिजली.

सगळ्यात जास्त सोलली गेली ती लीव्ह, त्याची एकुलती मुलगी. वय एक्कावन्न, त्यातली सव्वीस वर्षं तळघरात. रिकामं पिंप आडवं करायचं, आत गरम पाणी आणि लोखंडी साखळ्या टाकायच्या आणि खडखड लोळवायचं. हे काम दोन गड्यांचं, ती एकटी करायची.

"लीव्ह," तो माझ्या कॅफेत, भरल्या रविवारी, सगळ्यांच्या देखत म्हणायचा, "हात तू माझे घेतलेस. पाय तुझ्या आईचे. डोकं कुठून आणलंस तेवढं एकदा सांग, म्हणजे परत करून येऊ."

माणसं हसायची. लीव्हही हसायची. तिनं लग्न केलं नाही, कुठं गेली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती काय हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ओडिलोननं ते तिच्यासमोर खिशात धरून हलवत ठेवलं होतं. "ऐंशी पूर्ण होतील त्या मार्चमध्ये खडू देईन. कुणाला, ते चाखायच्या टेबलावर ठरेल."

ऐंशी पूर्ण व्हायला दोन वर्षं होती तेव्हा, ऐन फेब्रुवारीत, त्याला ताप आला. आठ दिवसांनी उठला आणि माझ्याकडे येऊन बसला. मी सूप ठेवलं.

"हे काय दिलंस, लेओनी? गरम पाणी?"

"मटारचं आहे. नळी घातलीय डुकराची."

त्यानं परत चमचा तोंडात घातला. मग चमचा खाली ठेवला, आणि त्याच्या तोंडावर जे दिसलं ते मी त्याच्या बायकोच्या दफनाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. नाक गेलं होतं. आठवड्याभरात सगळ्या गावाला कळलं आणि कुणीही अक्षर काढलं नाही. सोललं जायची भीती. शिवाय, खरं सांगायचं तर, बघायला मजा येत होती.

लीव्हला मजा येत नव्हती. दर गुरुवारी दुपारी ती माझ्याकडे कॉफीला यायची. एके दिवशी तिनं कपाभोवती दोन्ही तळवे लावले आणि म्हणाली, "लेओनी, मी त्यांना कळू देत नाही."

"काय कळू देत नाहीस?"

"की मला माहीत आहे म्हणून. आधी मी एकटी जाऊन सगळी चाखते. मग ते खाली आले की म्हणते, पा, त्या बाराव्या पिंपाला सफरचंदाचा वास सुटलाय असं तुम्हीच म्हणाला होतात ना परवा? मग ते म्हणतात, हो, मीच म्हणालो. आणि फुली मारतात."

"आणि कुठली खराब असली तर?"

"तर तीही त्यांनीच खराब म्हटलेली असते." ती हसली. "कधी नव्हे ते ते माझं ऐकतात, लेओनी. त्यांना वाटतं ते स्वतःचंच ऐकतायत. पण ऐकतात ना."

"आणि त्यांना कळलं तर?"

"मरतील ते. नाकाशिवाय त्यांच्याकडे आहे काय?"

त्या वर्षीची ग्यूझ उत्तम झाली. ब्रसेल्सहून माणसं गाड्या घेऊन आली आणि ओडिलोनच्या नाकाचं कौतुक करून गेली. लीव्ह मागं उभी राहून बाटल्या पुठ्ठ्यात भरत होती.

आता माझा भाग सांगते. लपवण्यात अर्थ नाही, लीव्हला तो कळलेलाच आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मी ससा शिजवला होता, सुक्या आलुबुखारांत. आलुबुखार जुने होते. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, दोघांनी तर परत मागून घेतला. ओडिलोननं ताट तोंडाजवळ नेलं, थांबला, आणि बोटानं ढकलून दिलं. "आलुबुखारांच्या पिशवीला बुरा आलाय तुझ्या," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सोमवारी सकाळी उठलो तर उशीला माझ्याच डोक्याचा वास. रडलो. मग म्हटलं, कुणाला सांगायची काय घाई आहे?"

"अहो, लीव्हला तरी सांगा. ती बिचारी..."

"तिला तर नाहीच. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"आंधळा समजून माणसं आपल्यासमोर काय काय करतात ते." आणि मग, जणू हवापाण्याचं बोलतोय अशा आवाजात, "जुन्या ग्यूझची पहिली निवड यापुढे तुझ्या कॅफेला, लेओनी. ब्रसेल्सवाल्यांच्या आधी."

मी ताट उचललं. त्यानंतर सतरा महिने लीव्ह दर गुरुवारी माझ्यासमोर बसून बापाच्या गेलेल्या नाकाची काळजी करत राहिली आणि मी तिला कॉफीत दूध घालून देत राहिले. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. बाटल्या मात्र खरोखर सुरेख होत्या.

मार्चमधला दुसरा शनिवार हा चाखायच्या टेबलाचा दिवस. तळघराच्या तोंडाशी फळ्यांचं टेबल मांडतात. पाव, मऊ पांढरं चीज, मुळे, कांद्याची पात. वरची कोळिष्टकं डोक्याला लागतात, पण ती कुणी काढत नाही. कोळी माश्या खातात आणि माश्या पिंपं नासवतात. टेबलाचा नियम जुना आहे. पहिला घोट खडूवाल्याचा, पहिला शब्दही त्याचाच. मग वयानं उतरत उतरत एकेकानं बोलायचं. त्यामुळे त्या टेबलावर खडूवाल्यापेक्षा वेगळं मत कुणाचं झाल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या वर्षी आम्ही सहा जण होतो. ओडिलोन, नुकता ऐंशीचा, नव्या शर्टात. पेत्रुस, जो घोडे पाळतो. फोन्स, निवृत्त पोस्टमन, जो कबुतरं पाळतो आणि बायकोला भितो. मी. लीव्ह. आणि वानस, ओडिलोनच्या बहिणीचा मुलगा, चौतिशीचा, हॅलेला टाइल्सच्या दुकानात विक्रीला. तो यायचाच नाही कधी. आईनं ढकलून पाठवला होता, म्हाताऱ्याचा वाढदिवस म्हणून.

"नोंकल," त्यानं मामाला विचारलं, "हे किती वेळ चालतं? साडेतीनला सायकलींची शर्यत आहे टीव्हीवर."

"चालेल तितकं चालेल. पाव खा."

बिअरचे दोन जग आले, दोन्ही छान, दोन्हींवर फुली. मग ओडिलोन स्वतः उठला, आत गेला आणि एका पिंपाची खुंटी काढून जग भरू लागला. लीव्हचा चेहरा बदललेला मी पाहिला. सकाळीच तिनं मला सांगितलं होतं की सत्तेचाळीस नंबर पार हातचं गेलंय, पण वडिलांनी त्याच्यावर गोल काढायचं कबूल केलंय, म्हणजे तिनंच त्यांना तसं 'आठवून' दिलंय.

"पा," ती हळूच म्हणाली, "ते सत्तेचाळीस आहे. पंचेचाळीस काढणार होतात ना तुम्ही?"

"नंबर वाचता येतात मला. डोळे आहेत अजून."

'अजून' म्हणताना त्यानं इतका बारीक थांबा घेतला की पेत्रुस मुळ्याकडे बघायला लागला.

ग्लास भरले. मी नाकाशी नेला आणि डोळ्यांत पाणी आलं. नखांचा रंग काढायचं पाणी असतं ना, तसलं. खिडक्या पुसाव्यात त्यानं. ओडिलोननं मोठा घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि डोळे मिटले.

"ही," तो म्हणाला, "मी आयुष्यात केलेली सगळ्यात चांगली. हिची ग्यूझ होईल ती माझ्या नावानं राहील. पेत्रुस?"

पेत्रुसनं गिळलं. त्याच्या गळ्यातली गाठ वर गेली आणि बराच वेळ खाली यायला तयार नव्हती. "दमदार आहे," तो म्हणाला.

"फोन्स?"

"शेवटाला जरा चावते," फोन्स म्हणाला. "म्हणजे चांगल्या अर्थानं. चावलं पाहिजेच."

"लेओनी?"

मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. तरी मी म्हटलं, "कोंबडीबरोबर झकास जाईल." यात खोटं काही नव्हतं. कोंबडी मुरवायला व्हिनेगर लागतंच.

"लीव्ह?"

ती ग्लास हातात धरून बसली होती. तिला एका बाजूला दिसत होतं सहाशे लिटर व्हिनेगर, आणि दुसऱ्या बाजूला ऐंशी वर्षांचा बाप, नव्या शर्टात, चार माणसांसमोर, नाक नसलेला. तिनं घोट घेतला. खाली बघितलं नाही, त्याच्याकडेच बघत राहिली.

"चांगली आहे, पा," ती म्हणाली. "तुमची सगळ्यात चांगली."

"वानस?"

वानसनं घोट घेतला आणि तसाच जमिनीवर थुंकला. फोन्सच्या बुटावर पडलं. "नोंकल, हे काय पाजताय? टाइल्सचे डाग काढायला आमच्या दुकानात याहून सौम्य मिळतं!"

ओडिलोन हसायला लागला. पोट धरून, खोकत खोकत हसला.

"पेत्रुस," तो डोळे पुसत म्हणाला, "सकाळी घोडीच्या पायाला कापराचं तेल चोळलंस आणि हात न धुता माझा पाव खातोयस. फोन्स, तुझ्या कोटाला कबुतरांचा वास येतोच, पण आतल्या खिशात जेनेव्हर दारूची बाटली आहे, तिचं बूच नीट बसलेलं नाही. आणि लीव्ह, तू हिरव्या साबणानं केस धुतलेस. घाबरलीस की तुला अगदी तुझ्या आईसारखा वास येतो."

फोन्सचा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

"कधी आलं परत?" लीव्हनं विचारलं.

"ऑक्टोबरात. गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या. लेओनीला विचार."

लीव्हनं माझ्याकडे बघितलं. मी चिजाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. तेवढंच सुचलं.

"सतरा महिने," ती म्हणाली.

"सतरा महिने. 'पा, तुम्हीच म्हणाला होतात ना?' 'पा, परवा नाही का तुम्ही म्हणालात?'" तो तिचा आवाज काढत होता आणि त्याला तो फार छान जमत होता. "लहान बाळाला दूध पाजतात तसं. गोड वाटायचं ऐकायला."

"मी चुकले का कधी? एखादं तरी पिंप?"

"एकही नाही. जीभ माझ्यापेक्षा बरीच असेल तुझी."

"मग?"

"मग आता हे व्हिनेगर चांगलं म्हणालीस."

"तुम्हाला लाज वाटली असती, पा. सगळ्यांसमोर."

"दया आली."

"हो."

"आणि दया आली म्हणून हे माझ्या बाटलीत जाऊ दिलं असतंस."

"जाऊ दिलं नसतं! नंतर मी फुली पुसून..." ती थांबली, पण उशीर झाला होता.

"पुसून?" ओडिलोन अगदी हळू म्हणाला. "माझी खूण?"

पेत्रुस आणि फोन्स दोघांनीही मान खाली घातली. व्हिनेगरला दमदार म्हणणं ही त्या टेबलावर रीत होती. दुसऱ्याची खूण पुसणं हे मात्र आजवर कुणी तोंडातूनही काढलं नव्हतं.

ओडिलोननं खिशातून खडू काढला आणि टेबलावरून वानसकडे ढकलला.

"मी?" वानस म्हणाला. "नोंकल, मला यातलं ओ का ठो कळत नाही."

"थुंकलास ना? तेवढं पुरे. लीव्ह, जग धुऊन ठेव."

तिनं जग धुऊन ठेवले. मी पाहत होते. साही ग्लास धुतले, पालथे घातले, फळ्या पुसल्या.

वानसनं टाइल्सची नोकरी सोडली, कारण खडू म्हणजे शेवटी तळघर, घर आणि मागची बाग. कोण सोडेल? लीव्ह पहिल्यासारखी साखळ्या लोळवत राहिली. गुरुवारी कॉफीलाही येत राहिली. सतरा महिन्यांबद्दल मला एक शब्द बोलली नाही. फक्त कॉफी काळी प्यायला लागली.

जूनमध्ये उकाडा आला. उकाड्यात आमची बिअर कधीकधी आजारी पडते. पिंपातून काढली तर ग्लासात उतरायच्या ऐवजी लोंबते, पाकासारखी तार सुटते. आम्ही तिला आजारीच म्हणतो आणि आजाऱ्यासारखंच वागवतो. पडून राहू द्यायचं, हात लावायचा नाही. चार-सहा महिन्यांत तार आपोआप जाते आणि उठते ती पहिल्यापेक्षा देखणी होऊन. हे इथल्या मांजरालाही माहीत असतं. टाइल्सच्या दुकानात माहीत नसतं.

त्या मंगळवारी ओडिलोन गुडघा दाखवायला बसनं हॅलेला गेला होता. मी अंगणात टेबलं पुसत होते. तळघराचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"लीव्ह, इकडे ये! हे त्रेसष्ट नंबर बघ. शी! शेंबूड झालाय याचा!"

साखळ्यांचा आवाज थांबला. ती आली असावी.

"बघ ना, तार येतेय. गेलं ना हे? लीव्ह? गेलंच ना?"

मग तिचा आवाज, शांत. "खडू तुझ्याकडे आहे."

"ते झालं गं. पण तुला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग काय? तुला वाटलं ते कर."

"ओतून टाकू मग. वास सगळीकडे पसरण्याआधी."

"पाइप देऊ?" तिनं विचारलं.

गटार माझ्या कॅफेसमोरून जातं. त्रेसष्ट नंबर ओडिलोननं बायको गेली त्या हिवाळ्यात भरलेलं, आणि त्यानंतर एकदाही पूर्ण रिकामं केलेलं नव्हतं. थोडं काढायचा, थोडं भरायचा. ते माझ्या दारासमोरून वीस मिनिटं वाहत होतं. मी एका हातात फडकं घेऊन उभी होते. मी ओरडू शकले असते. नाही ओरडले. आता विचाराल का, तर एवढंच सांगते की लीव्ह दारात येऊन उभी होती, पाण्याचा पाइप हातात, आणि ती गटाराकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

साडेबाराची बस आली. ओडिलोन उतरला, दोन पावलं चालला आणि जागच्या जागी थांबला. डोकं वर करून त्यानं हवा ओढली. गटाराकडे बघितलंही नाही.

"त्रेसष्ट," तो म्हणाला.

"पा," लीव्ह दारातून म्हणाली, "गुडघा काय म्हणतो?"

"आजारी होती फक्त."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि गप्प बसलीस?"

"वानसनं विचारलं, मी म्हटलं खडू तुझ्याकडे आहे. खोटं नाही बोलले, पा."

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारतो. पण त्याच्या तोंडावर हळूहळू जे उमटलं ते आनंदासारखं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

"आता झालीस," तो म्हणाला. "आता झालीस तू तयार."

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, माझ्या कॅफेत, सगळ्यांच्या देखत, त्यानं वानसकडून खडू मागून घेतला आणि लीव्हच्या हातात ठेवला. वानसला उलट सुटल्यासारखं झालं. त्यानं लगेच बिअर मागवली. ओडिलोन उभा राहून भाषणच करायला निघाला होता. "ही माझी मुलगी. मऊ होती, आता नाही. मी हिला..."

"पा, बसा," लीव्ह म्हणाली.

तो बसला. कुणी हुकूम सोडायची सवय नव्हती, म्हणून बसला असेल.

लीव्हनं खडू एप्रनच्या खिशात टाकला. "उद्यापासून तुम्ही तळघरात उतरायचं नाही. मार्चच्या टेबलावरही तुमची खुर्ची नाही."

"का?"

"नाक गेलंय तुमचं."

तो हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "सगळ्यांसमोर सिद्ध केलंय मी! मार्चमध्येच! पेत्रुस, सांग हिला."

पेत्रुसनं ओडिलोनकडे बघितलं नाही. एप्रनच्या खिशाकडे बघितलं. "तसं दोन वर्षं झालीच की, ओडिलोन," तो म्हणाला. "ताप आला होता तेव्हाच गेलं."

"फोन्स! तुझी बाटली! तुझ्या खिशातली!"

"ती काय सगळ्या गावाला ठाऊक आहे," फोन्स म्हणाला. "वास कशाला लागतो त्याला."

ओडिलोननं वानसचा ग्लास ओढून घेतला, नाक खुपसलं. "ही गेल्या वर्षीची. बारा, पस्तीस आणि एकोणसाठ. पस्तीस जरा जास्त पडलीय. बोला!" बिअर शर्टावर सांडत होती.

अगदी बरोबर होतं. बारा, पस्तीस आणि एकोणसाठ.

"लीव्हनं आधी सांगून ठेवलं असेल," फोन्स प्रेमळपणे म्हणाला. "फार करते पोरगी त्याचं."

मग ओडिलोन माझ्याकडे वळला. साक्षीला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. "लेओनी. तू सांग. तुला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

लीव्हनं बाटल्यांचं नाव काढलं नाही, गुरुवारांचं काढलं नाही. नुसती बघत होती, मंगळवारी बघितलं होतं तशीच.

"वय झालं, ओडिलोन," मी म्हटलं. "मनाला लावून नाही घ्यायचं. सूप आणू?"

तेव्हापासून तो माझ्या खिडकीपाशी बसायचा. माणसं त्याच्याशी चांगली वागायची. इतकी चांगली त्याच्याशी आधी कुणी कधी वागलं नव्हतं. कुणी कप ठेवला की वाकून, शब्द तोडून सांगायचं, "कॉफी आहे हं, ओडिलोन. गरम. छान वास येतोय." पेत्रुस त्याच्या नाकाखाली मुळा धरायचा आणि "हा मुळा" म्हणायचा. सुरुवातीला तो ओरडायचा, शिव्या द्यायचा. मग नुसता खिडकीबाहेर तळघराच्या दाराकडे बघत बसायला लागला. दार उघडलं की त्याच्या नाकपुड्या हलायच्या. मी पाहायचे आणि गल्ला पुसायचे.

एका गुरुवारी मी लीव्हला विचारलं. "किती दिवस चालवणार आहेस हे?"

"सतरा महिने," ती म्हणाली. "मग येऊ देत खाली."

ओडिलोन चौदाव्या महिन्यात गेला, झोपेत. दफनाला ब्रसेल्सहूनसुद्धा माणसं आली. लीव्हनं काळा कोट घातला होता आणि ती रडली, खरोखर रडली, हे मी लिहून देईन. पाद्रीबुवांनी सांगितलं की आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत देवानं या माणसाचं नाक काढून घेतलं, ज्यावर त्याचं सगळं जगणं उभं होतं, आणि तरीही त्यानं कुरकूर न करता खडू मुलीच्या हाती सोपवला. पुढच्या बाकावर पेत्रुसनं मान हलवली, फोन्सनं हलवली.

मीही हलवली. त्या वर्षीच्या ग्यूझची पहिली निवड माझ्याकडे आली, ब्रसेल्सवाल्यांच्या आधी. मी मागितली नव्हती. लीव्हनं स्वतःच आणून ठेवली, दारात, आणि बिल लावलं नाही.